गाणं कुणी सांगितलं, हे लिहून ठेवणारा वुक

प्रश्न असा आला आहे: "मी आजीच्या आणि तिच्या गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून घेते आहे. लोकगीतांविषयी वाचताना वुक काराजिच या सर्बियन संग्राहकाचं नाव सारखं समोर येतं. हा माणूस कोण होता? एवढी गाणी त्याने जमवली कशी? आणि त्याने ती आपल्या मनाने सुधारली असं म्हणतात, ते खरं आहे का?"

गाणी सुधारली का? हो, थोडी सुधारली. कुठली आणि किती, ते पुढे सांगते. आधी माणूस कोण होता ते पाहू, कारण त्याच्या कामातलं जे सगळ्यांत मोलाचं आहे ते त्याच्या जगण्यातून आलेलं आहे. मी गेली अठ्ठावीस वर्षं मावळ-मुळशीकडच्या खेड्यांतून ओव्या आणि लग्नातली गाणी लिहून घेते आहे. कामाला लागून सात-आठ वर्षं झाल्यावर वुकच्या प्रस्तावना वाचनात आल्या. त्या आधी वाचल्या असत्या तर माझ्या पहिल्या चार वह्या वेगळ्या झाल्या असत्या. त्याविषयी शेवटी सांगेन.

वुक स्तेफानोविच काराजिच 1787 साली पश्चिम सर्बियात, लोझ्नित्साजवळच्या त्र्शिच नावाच्या खेड्यात जन्मला. द्रिना नदीच्या बाजूचा हा डोंगराळ मुलूख तेव्हा तुर्कांच्या, म्हणजे उस्मानी साम्राज्याच्या ताब्यात होता. आईबापांची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून या मुलाचं नाव ठेवलं वुक. वुक म्हणजे लांडगा. चेटकिणी लहान मुलांना खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी तिकडची समजूत होती. ही हकीकत वुकनेच पुढे आपल्या शब्दकोशात 'वुक' या नोंदीखाली लिहून ठेवली आहे. आपल्याकडे मूल जगावं म्हणून धोंडू, दगडू, केरू अशी नावं ठेवायचे, त्यातलाच हा प्रकार. मी हे वाचलं तेव्हा माझ्या गावातले दोन-तीन म्हातारे डोळ्यांपुढे आले आणि हा परका माणूस एकदम घरातला वाटायला लागला.

गावात शाळा नव्हती. नात्यातल्या एकाने त्याला अक्षरओळख करून दिली. बंदुकीची दारू पाण्यात कालवून शाई करायची, काडतुसाच्या कागदावर बोरूने लिहायचं. पुढे बापाने त्याला त्रोनोशाच्या मठात शिकायला धाडलं. तिथे त्याला शेळ्यांमागे पाठवायला लागले, तेव्हा बापाने परत आणलं. शेळ्या घरीही होत्याच.

1804 मध्ये सर्ब शेतकऱ्यांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. लिहिता येणारी माणसं मोजकीच, त्यामुळे सतरा वर्षांचा वुक एका बंडखोर सरदाराचा लेखनिक झाला. मग शिकायच्या ओढीने तो सीमेपलीकडे, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या कार्लोव्त्सी गावी गेला. तिथली एक गोष्ट त्यानेच सांगितली आहे. लुकियान मुशित्स्की हा कवी आणि धर्मगुरू तिथे शिकवायचा. त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, तुम्हाला येत असलेली खेड्यातली गाणी लिहून आणा. वुकला वाटलं, डुकरं-शेळ्यांच्या मागे रानात वाढलेल्या पोरांची हा थट्टा करतोय. त्याने काहीच लिहून दिलं नाही.

या गोष्टीवर मी जरा थांबते, कारण तुम्हाला ती रोज भेटणार आहे. "अगं, त्यात काय लिहायचंय, आमच्या अडाण्यांच्या ओव्या," असं म्हणणारी आजी खोटा विनय करत नसते. आपलं गाणं कुणी शिकलेलं माणूस कागदावर घेईल, हे तिला खरोखर चेष्टेसारखं वाटतं. वुकला ही भावना आतून ठाऊक होती. पुढे तो स्वतः वही घेऊन बसला तेव्हा समोरच्याच्या मनात काय चाललंय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

विशीतच त्याला सांध्यांचं दुखणं जडलं आणि डावा पाय वाळून गेला. नोवी साद आणि पेस्टपर्यंत उपचार केले, उपयोग झाला नाही. उरलेलं आयुष्य तो लाकडी टेकूवर चालला. त्याने पुढे लिहिलं की हा टेकू नसता तर बरोबरीच्या कितीतरी जणांसारखा मीही तुर्कांच्या हातून मारला गेलो असतो. टेकूमुळे एका जागी बसलो, वाचत राहिलो आणि कानांनी ऐकलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं कागदावर उतरवत गेलो. हाच माणूस पुढे सर्बिया, डाल्मेशिया, माँटेनेग्रो, रशिया, जर्मनी असा त्या पायाने हिंडला.

1813 मध्ये उठाव चिरडला गेला आणि हजारो सर्बांबरोबर वुकही पळून व्हिएन्नाला पोहोचला. तिथे त्याने उठावाच्या पाडावाविषयी एक लेख लिहिला. स्लाव्ह भाषांतला मजकूर तपासणारा सरकारी अधिकारी होता येर्नेय कोपितार, जातीने स्लोव्हेन आणि हाडाचा भाषापंडित. एरवी लेखणी चालवणाऱ्याने सेन्सॉरपासून लांब राहावं. इथे उलटं झालं. पोथीतली जड भाषा सोडून शेतकऱ्याच्या बोलीत एवढं सरळ लिहिणारा हा कोण, म्हणून कोपितारच त्याला शोधत आला. गाणी लिही, व्याकरण लिही, शब्दकोश कर, असा त्याने लकडा लावला. 1814 मध्ये व्हिएन्नाला वुकचं पहिलं छोटं गाण्यांचं पुस्तक निघालं. त्यात मुख्यतः लहानपणापासून घरात आणि गुरांमागे ऐकलेली, त्याला स्वतःला आठवणारी गाणी होती. आता पुढची माणसं शोधायची होती.

खरा खजिना लागला 1815 मध्ये. मुशित्स्की आता फ्रुश्का गोरा डोंगरातल्या शिशातोवात्स मठाचा प्रमुख झाला होता. वुक त्याच्याकडे राहिला. आजूबाजूच्या गावांत तुर्कांच्या मुलखातून पळून आलेली माणसं भरली होती, आणि त्यांच्यात गाणारे होते.

त्यातला पहिला तेशान पोद्रुगोविच. हे त्याचं खरं आडनाव नव्हे. उंचीमुळे लोकांनी ठेवलेलं नाव, अर्थ साधारण 'दीड माणूस'. हा हर्जेगोव्हिनाचा. एका तुर्काला मारून रानात गेलेला, मग उठावात लढलेला. वुकला तो सापडला तेव्हा वेत-लव्हाळं कापून, पाठीवर वाहून कार्लोव्त्सीच्या बाजारात विकत होता. त्याच्याकडून वुकने बावीस गाणी घेतली. मार्को क्राल्येविच या लाडक्या वीराची उत्तमोत्तम गाणी त्यात आहेत. गंमत म्हणजे तेशान गातच नसे. गुस्ले हे तिकडचं वाद्य; आपल्या तुणतुण्यासारखं एका तारेचं, फक्त तार घोड्याच्या केसांची आणि वाजवायचं गजाने. तेशानला ते येत होतं, पण गाणं तो नुसतं सांगायचा, पोथी वाचल्यासारखं. वुकने लिहिलं आहे की याच्याइतकी गाणी जाणणारा मला पुन्हा भेटला नाही. तो ती समजून, मनाला लावून घेऊन, काय बोलतोय याचा विचार करत सांगे. अजून शंभरेक गाणी याच्याकडे असतील असा वुकचा अंदाज होता. पण त्याच वसंतात सर्बियात दुसरा उठाव झाल्याची बातमी आली. तेशानचं चित्त थाऱ्यावर राहिना. चाललेलं गाणं पूर्ण होईपर्यंत त्याला थांबवता थांबवता वुकच्या नाकी नऊ आले. शेवटी तो गेलाच, आणि थोड्याच दिवसांत एका खानावळीतल्या मारामारीत जखमी होऊन मेला. ती शंभर गाणी त्याच्याबरोबर गेली.

दुसरा फिलिप विश्निच. हा बोस्नियातला, लहानपणी देवीच्या साथीत डोळे गेलेला गुस्लार. गुस्ले वाजवत गाणाऱ्याला गुस्लार म्हणतात. तो गावोगाव गात फिरायचा, आणि उठावाच्या काळात बंडखोरांच्या छावणीत जाऊन गायला होता. जुन्या राजांची गाणी त्याला येत होतीच, पण 1804 च्या उठावाची गाणी त्याने स्वतः रचली. उठाव सुरू कसा झाला ते सांगणारं त्याचं गाणं आकाशातल्या अपशकुनांपासून सुरू होतं आणि थेट कालपरवा घडलेल्या लढाईपर्यंत येतं. लोकगीत म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी अनामिकाने रचलेलं, ही समजूत मोडायला विश्निच एकटा पुरतो. आपल्याकडच्या पोवाड्याची ज्यांना सवय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शाहीरही घडलेल्या लढाईवर लगेच कवन करतच होते.

तिसऱ्याची हकीकत मात्र सविस्तर सांगायलाच हवी. म्हातारा मिलिया.

1820 मध्ये वुक सर्बियात क्रागुयेवात्सला आला, तेव्हा त्याला कळलं की मिलिया नावाच्या एका म्हाताऱ्याला दोन मोठी गाणी फार सुंदर येतात. 1822 मध्ये तो मुख्यतः त्याच्यासाठी परत आला. सर्बियाचा सत्ताधीश मिलोश ओब्रेनोविच याने हुकूम सोडून म्हाताऱ्याला हुडकून आणवला. वुकचा आनंद टिकला नाही. मिलियाला गाणं नुसतं सांगता येत नव्हतं, गाऊनच यायचं. आणि राकिया, म्हणजे तिकडची फळांची दारू, पोटात गेल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. वय झालेलं, कोलाशिनच्या तुर्कांशी झालेल्या झटापटीत डोक्यावर वारांच्या खुणाच खुणा. दोन घोट घेतले की त्याचं डोकं फिरायचं आणि ओळी पुढच्या मागे, मागच्या पुढे व्हायच्या. इतक्या भराभर गाणाऱ्याचं लिहून घ्यावं तरी कसं?

वुकने काय केलं पाहा. एकेक गाणं म्हाताऱ्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं, इतक्या वेळा की गाणं वुकलाच बऱ्यापैकी तोंडी आलं आणि कुठे ओळ सुटली ते ओळखता यायला लागलं. मग म्हाताऱ्याला सांगितलं, आता शब्द लांबवत, सावकाश गा. तेव्हा जमेल तितक्या वेगाने लिहिलं. लिहून झाल्यावर पुन्हा एकदा पूर्ण गायला लावलं आणि कागद समोर धरून ताडून पाहिलं. चार गाण्यांना पंधरा दिवसांहून जास्त लागले. बाकीची गाणी घ्यायची राहिली, कारण तिथल्या एका रिकामटेकड्या तरुणाने म्हाताऱ्याचे कान भरले: हा वुक वेडा आहे, त्याला उद्योग नाही, इथे बसून पीत राहिलास तर घरचं पीक जाईल, मग हिवाळ्यात काय खाशील? मिलियाने मिलोशकडून बिदागी घेतली आणि वुकला न सांगता निघून गेला. पुढल्या वर्षी चौकशी केली तर तो वारला होता.

त्या चारांपैकी एक गाणं बानोविच स्त्राहिन्या. बायको शत्रूच्या बाजूने उभी राहिली तरी तिला जिवंत सोडून देणाऱ्या वीराचं गाणं आहे. तिच्या माहेरचे लोक तिला मारायला उठतात आणि हा त्यांना अडवतो. सर्ब लोक आजही त्याला आपल्या सर्वश्रेष्ठ गाण्यांत गणतात. ते आपल्यापर्यंत आलं ते त्या पंधरा दिवसांमुळे.

मला हे सगळं ओळखीचं आहे. मुळशीकडच्या एका म्हातारीला ओवी नुसती सांगता येत नसे. घरोघरी पिठाच्या गिरणीचं दळण सुरू होऊन वर्षं लोटली होती, जातं गोठ्यात पडलेलं. आम्ही ते धुऊन मांडलं, मूठभर नाचणी घातली, तिने खुंटा धरला आणि त्या दुपारी ओवीमागून ओवी आली. हात थांबला की ओवी थांबायची. ध्वनिमुद्रण आलं म्हणून आपलं काम सोपं झालं, पण माणसाचा हात किंवा गळा कशाला जोडलेला आहे हे शोधावंच लागतं.

आता बायकांविषयी. वुकने गाण्यांचे दोन भाग पाडले: वीरांची गाणी आणि बायकांची गाणी. त्याचं स्पष्टीकरण मला फार आवडतं. बायकांची गाणी फक्त बायकाच गातात असं तो म्हणत नाही; तरुण मुलगेही गातात. फरक असा की ही गाणी एक-दोघं आपल्या आनंदासाठी गातात, वीरांची गाणी दुसऱ्यांनी ऐकावीत म्हणून गायली जातात. पहिल्यात लक्ष गाण्याकडे असतं, दुसऱ्यात गोष्टीकडे. जात्यावरची ओवी आणि पोवाडा यांच्यातला भेद याहून नेमका कुणी सांगितलेला मला माहीत नाही. पण व्यवहारात ही वाटणी त्यालाच पुरली नाही. त्याच्या संग्रहातली काही थोर वीरगीतं अंध भिक्षेकरी बायकांनी सांगितलेली आहेत. झेमूनची झिवाना, येत्सा, स्तेपानिया अशी नावं त्याने दिली आहेत. आणि एक आहे 'ग्रगुरेव्त्सीची आंधळी'. 1389 च्या कोसोवोच्या लढाईनंतर रणात पडलेल्या योद्ध्यांना पाणी-मद्य पाजत आपल्या वाग्दत्त वराला शोधणाऱ्या मुलीचं गाणं तिचं. सर्बियात ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. ती सांगणारीचं गाव कळतं, डोळे नव्हते हे कळतं. तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

गाणाऱ्यांची ही माहिती मुख्यतः 1833 च्या चौथ्या खंडाच्या प्रस्तावनेत आहे. त्याआधी 1823-24 मध्ये तीन खंड जर्मनीतल्या लाइपझिगला छापले होते, कारण व्हिएन्नात परवानगीची अडचण होती. त्या काळात युरोपात लोकगीतं जमवणाऱ्यांची लाट होती, पण बहुतेकांना गाणं 'लोकांचं' हवं होतं, आणि लोक म्हणजे चेहरा नसलेला जमाव. वुक मात्र सांगतो की हे गाणं अमक्याचं, तो असा दिसायचा, असा जगला, असा मेला. आणि त्याहून पुढे जातो. वाईट गायक चांगलं गाणंही अर्धवट लक्षात ठेवून बिघडवतो. चांगला गायक बिघडलेलं गाणं ऐकून, आपल्याला येणाऱ्या बाकीच्या गाण्यांच्या चालीने ते नीट उभं करतो. पोद्रुगोविचने आज एखादं भिकार गाणं ऐकलं तर काही दिवसांनी तो तेच सुरेख करून सांगेल, असं वुक म्हणतो. म्हणजे प्रत्येक वेळी गाणं थोडं नव्याने घडतं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा अभ्यासक मिल्मन पॅरी याने 1933 ते 1935 या काळात त्याच मुलखात ध्वनिमुद्रणं करून हा विचार शास्त्राच्या पायावर उभा केला आणि प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्याचं बीज शंभर वर्षं आधीच्या या प्रस्तावनेत आहे.

भाषेचं भांडणही गाण्यांतूनच सुरू झालं, आणि ओव्या लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं. तेव्हा सर्ब पंडित जुन्या चर्चच्या स्लाव्ह भाषेची आणि रशियनची भेसळ लिहीत. त्या लिपीत काही अक्षरांना बोलीत उच्चारच नव्हता आणि बोलीतल्या काही उच्चारांना अक्षरच नव्हतं. गुराख्याच्या पोरीचं गाणं यात लिहायचं कसं? वुकने सूत्र धरलं, बोलतो तसं लिहावं. निरुपयोगी अक्षरं काढली, गरजेची घडवली, एकाचा आकार मुशित्स्कीने काढून दिला, एक लॅटिनमधून उचललं, आणि तीस ध्वनींना तीस अक्षरं ठरवली. आपल्या मराठीत जगातला ज आणि जात्यातला ज एकच अक्षर वापरतात. वुकने दोन केली असती. ऑर्थोडॉक्स पंथाच्या सर्बांना लॅटिन अक्षर म्हणजे कॅथलिक पंथाचं वाटे; ते घेतलं म्हणून धर्मद्रोहाचा आरोप आला, कॅथलिकांचा हस्तक म्हटलं गेलं. 1818 चा त्याचा सर्बियन शब्दकोश 26,270 शब्दांचा, अर्थ जर्मन आणि लॅटिनमध्ये दिलेले. त्यात शेतकऱ्याच्या तोंडच्या शिव्याही होत्या, त्यावर आणखी गदारोळ झाला. 1852 च्या आवृत्तीत शब्द 47,427 झाले, शिव्या गेल्या. सर्बियात 1832 मध्ये त्याच्या लेखनपद्धतीने छापायला बंदी आली. ती लिपी अधिकृत झाली 1868 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

म्हणून तुमची आजी 'पानी' म्हणत असेल तर वहीत 'पानी' लिहा, 'पाणी' नको. 'न्हाई' म्हणत असेल तर 'न्हाई'. शुद्ध करायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. एकदा शुद्ध केलेली ओवी परत अशुद्ध करता येत नाही, कारण आजीने नेमकं काय म्हटलं होतं ते तोवर आपल्या कानातून गेलेलं असतं.

आता सुधारणांचं. वुक जे प्रत्यक्ष ऐकून लिहायचा त्यात फारशी ढवळाढवळ करत नसे. उरलेली हस्तलिखितं छापील पाठाशी ताडली तेव्हा एखादा शब्द, एखादं रूप बदललेलं दिसतं. मित्रांनी पाठवलेल्या गाण्यांवर त्याचा हात जास्त फिरला. सर्वांत सहज तपासता येतं ते हासानागिनित्सा या गाण्यात. मुलांपासून तोडलेल्या एका मुसलमान आईचं हे गाणं इटालियन प्रवासी फोर्टिसने 1774 मध्ये छापलं होतं आणि जर्मन महाकवी गटेने जर्मनमध्ये आणलं होतं. वुकने ते फोर्टिसवरून 1814 मध्ये घेतलं. पुढे लाइपझिगच्या आवृत्तीत ठेवलं नाही, लोकांच्या तोंडून ऐकायला मिळेल या आशेने. मिळालं नाही, तेव्हा 1846 मध्ये पुन्हा घातलं, पण स्वतःच्या कानाप्रमाणे शब्द दुरुस्त करून. फोर्टिसचा पाठ उपलब्ध आहे, दोन्ही शेजारी ठेवून कुणालाही पाहता येतं.

माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे. तो निवडत होता. एका गाण्याचे चार पाठ मिळाले तर त्यातला त्याला उत्तम वाटणारा छापायचा, आणि छापून झाल्यावर बरेच कागद त्याने जपले नाहीत. त्यामुळे वुकचा संग्रह वाचताना सगळेच गुस्लार थोर होते असं वाटायला लागतं. जे कागद उरले त्यातून सर्बियन विज्ञान आणि कला अकादमीने 1973-74 मध्ये अप्रकाशित गाण्यांचे पाच खंड काढले. पाचव्यात चावट आणि उघड शृंगाराची गाणी आहेत. ती त्याने जमवली होती, छापली नव्हती. आपल्याकडच्या लग्नातल्या उखाळ्यापाखाळ्या आणि शिमग्याची बोंब आठवा; किती छापलं गेलं?

दुसरी मोठी उणीव चालींची. 1815 मध्ये निघालेल्या त्याच्या दुसऱ्या गाण्यांच्या पुस्तकाला फक्त सहा गाण्यांचं स्वरलेखन जोडलेलं आहे, तेही मिरेत्स्की या पोलिश संगीतकाराने केलेलं. बाकी हजारो ओळी नुसत्या शब्दांच्या. दहा अक्षरांची ओळ, चौथ्यानंतर यती म्हणजे थांबा, एवढं कळतं. गळा कसा वळायचा ते गेलं. आणि एक गोष्ट सर्बियाबाहेर आजही खुपते: त्या बोलीत बोलणारे सगळे सर्बच, मग धर्म कुठलाही असो, असं वुकने लिहून ठेवलं. बोस्नियाच्या मुसलमानांना आणि क्रोएशियातल्या लोकांना ते मान्य नव्हतं आणि नाही. पोरीबाळींची गाणी जिवापाड जपणाऱ्याने त्यांना एका राष्ट्राचं लेबल लावताना तेवढी काळजी घेतली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर मान खूप मिळाला. परीकथा जमवणाऱ्या जर्मन ग्रिम भावांपैकी याकोब ग्रिम त्याच्यासाठी सर्बियन शिकला आणि 1824 मध्ये त्याच्या व्याकरणाचा जर्मन अनुवाद केला. 1823 मध्ये वायमारला गटे भेटला, त्याच वर्षी येनाच्या विद्यापीठाने डॉक्टरकी दिली. तेरेझे फोन याकोब या बाईंनी तालव्ही या नावाने केलेले जर्मन अनुवाद युरोपभर वाचले गेले. घरात मात्र ओढाताण. व्हिएन्नाच्या आना क्राउसशी 1818 मध्ये लग्न झालं. तेरा मुलांपैकी वुकच्या पश्चात मिना आणि दिमित्रिये ही दोनच राहिली. मिना चित्रकार झाली, बापाच्या लोककथा तिने जर्मनमध्ये नेल्या. मिलोशशीही त्याचं बिनसलं, आणि 1832 मध्ये वुकने मिलोशला त्याच्या कारभाराचे दोष दाखवणारं लांबलचक पत्र लिहिलं. 1864 मध्ये व्हिएन्नातच तो वारला; 1897 मध्ये अस्थी बेलग्रेडला नेल्या. अखेरच्या व्हिएन्ना आवृत्तीच्या 1841 च्या पहिल्या खंडात एकट्या बायकांच्या गाण्यांच्या 793 नोंदी आहेत. वीरगीतांसाठीच त्याला ओळखणाऱ्यांनी हा खंड उघडून पाहावा.

आता माझ्या पहिल्या चार वह्या. त्यात ओव्या आहेत, गावांची नावं आहेत, तारखा आहेत. सांगणारीचं नाव नाही. तेव्हा मला वाटायचं ओवी सगळ्यांची, नाव कशाला. वुक वाचल्यावर मी त्या गावांना परत गेले. दहा-बारा जणी सापडल्या, ओव्या वाचून दाखवल्यावर "ही माझी" म्हणाल्या, आणि दोघींनी त्याच ओवीत वेगळा शेवट सांगितला. बाकीच्या गेल्या होत्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत ठेवलं आहे. तो साठा ऑनलाइन ऐकायला-वाचायला मिळतो. नोंद कशी करावी ते पाहायला तोच उघडा.

तुमच्या आजीच्या बाबतीत एवढं करा. तिचं नाव लिहा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही. ओवी कुणाकडून शिकली ते विचारा. आईकडून, नणंदेकडून, की शेतात बरोबर खुरपणाऱ्या बाईकडून. सांगताना ती गात होती की नुसतं बोलत होती, जातं होतं की नव्हतं, आणि मध्येच थांबून कशासाठी रडली किंवा हसली, तेही. तीच ओवी महिन्याने परत विचारा आणि बदललेला शब्द जुन्याखाली लिहा, जुना खोडू नका. आवाज फोनवर घ्याच. आणि गावातली दुसरी एखादी बाई "माझं नाव कशाला" म्हणाली तर तिला समजावून सांगा, तिचा होकार घ्या, मग लिहा.